विज्ञानाच्या अंगणांत : चार दशांश सेकंदांचा खेळ

प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट खोटी कशी असेल, हा प्रश्न वादांत सर्वांत शेवटीं विचारला जातो आणि बहुधा त्यानें वादाचा निकालही लागतो. न्यायालयांत पाहणाऱ्या साक्षीदाराला जो मान, तोच घरगुती वादांतही त्याला मिळतो. परंतु अमेरिकेंतील बेसबॉल या खेळांत एक वाद असा माजला कीं, हजारों प्रेक्षकांचे डोळे एका बाजूला व शंका घेणारीं चिकित्सक माणसें दुसऱ्या बाजूला, ही स्थिति कित्येक दशकें टिकून राहिली. वादाचा विषय एवढाच होता : पिचरनें फेंकलेला चेंडू हवेंत खरोखर वळतो, कीं वळल्यासारखा नुसता भासतो? अखेर निकाल लागला तेव्हां दोन्ही पक्षांचें म्हणणें थोडें थोडें खरें ठरलें. हा निकाल कसा लागला, आणि या वळणापुढें मनुष्याचा डोळा व हात कोठपर्यंत पुरे पडतात, हें आज पाहूं.

खेळाची मांडणी

ज्यांना हा खेळ परिचित नाहीं, त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. क्रिकेटप्रमाणें येथेंही एकानें चेंडू फेंकावयाचा व दुसऱ्यानें तो बॅटीनें टोलवावयाचा, अशी योजना आहे. फेंकणाऱ्यास पिचर म्हणतात. क्रिकेटचा चेंडू बहुधा जमिनीवर टप्पा घेऊन येतो. बेसबॉलचा चेंडू टप्पा न घेतां हवेंतूनच फलंदाजापुढें येतो. म्हणजे खेळपट्टी ओली आहे कीं कोरडी, याचा पिचरला कांहीं उपयोग नाहीं. त्याचें सारें कसब हवेवर चालतें. पिचरच्या पट्टीपासून फलंदाजाजवळच्या प्लेटपर्यंतचें अंतर ६० फूट ६ इंच असून १८९३ पासून त्यांत बदल झालेला नाहीं. ही प्लेट १७ इंच रुंद असते. चेंडूचें वजन ५ ते ५। औंस, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून थोडें कमी, आणि घेर ९ ते ९। इंच, म्हणजे किंचित् अधिक. पांढऱ्या कातड्याचे दोन तुकडे तांबड्या दोऱ्याच्या १०८ दुहेरी टांक्यांनीं जोडलेले असतात व ही शिवण कातड्याच्या वर थोडी उठून राहते. बॅट मात्र आपल्या ओळखीच्या बॅटीसारखी चपटी नसते. ती सोट्यासारखी गोल असते, आणि तिच्या जाड भागाचा व्यास २.६१ इंचांहून अधिक चालत नाहीं. गोल चेंडू गोल लांकडानें मारावयाचा, ही फलंदाजाची पहिली अडचण.

दुसरी अडचण वेळेची. चांगला पिचर ताशीं ९५ मैल वेगानें चेंडू फेंकतो. ताशीं ९५ मैल म्हणजे सेकंदास सुमारें १३९ फूट. फेंकतांना पिचर पाऊल पुढें टाकतो, त्यामुळें चेंडू हातांतून सुटतो तेव्हां पुढचें अंतर सुमारें ५५ फूटच उरतें. एवढ्या वेगांत हवेचा विरोधही लहानसहान नसतो. तो जवळजवळ चेंडूच्या वजनाएवढा भरतो, आणि प्लेटपर्यंत पोहोंचतां पोहोंचतां चेंडूचा वेग ताशीं आठ मैलांच्या आसपास कमी होतो. हें सर्व धरून हिशेब केला, तर चेंडू हातांतून सुटून फलंदाजापर्यंत येण्यास अवघे चार दशांश सेकंद लागतात.

हा वेग मोजण्याचीं साधनें नव्हतीं, तेव्हां लोकांनीं मोठ्या कल्पक युक्त्या केल्या. १९४० सालीं बॉब फेलर या प्रसिद्ध पिचरच्या चेंडूची शर्यत चक्क धांवत्या मोटारसायकलीशीं लावण्यांत आली होती. मोटारसायकल त्याच्या बाजूनें भरधांव पुढें गेली आणि त्यानें चेंडू सोडला; तरी लक्ष्यावर चेंडूच आधीं जाऊन आदळला.

हवेला दिलेला धक्का

आतां वळणाकडे येऊं. फिरता चेंडू सरळ जात नाहीं, हें न्यूटननें १६७२ सालींच टेनिसच्या चेंडूविषयीं लिहून ठेविलें होतें. १७४२ सालीं बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें बंदुकीच्या गोळ्यांविषयीं हेंच दाखवून दिलें. पुढें १८५२ च्या सुमारास माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञानें या गोष्टीचा प्रयोगपूर्वक अभ्यास केला, म्हणून तिला माग्नुसचा परिणाम असें नांव पडलें.

त्याचें कारण असें. चेंडू स्वतःभोंवतीं फिरत पुढें जातो, तेव्हां त्याच्या पृष्ठभागाला चिकटलेला हवेचा पातळ थरही त्याच्याबरोबर ओढला जातो. उंच शिवण त्याला आणखी ढकलते. चेंडूची एक बाजू समोरून येणाऱ्या हवेच्या दिशेनें फिरत असते, तर दुसरी तिच्या उलट. त्यामुळें चेंडूच्या पाठीमागें हवेचा जो माग निघतो, तो सरळ न राहतां एका बाजूला ढकलला जातो. चेंडूनें हवेला डावीकडे ढकललें, कीं हवा चेंडूला उजवीकडे ढकलते. क्रियेस प्रतिक्रिया असते, हा न्यूटनचा नियमच येथें दिसतो.

ज्यांना हें प्रत्यक्ष पाहावयाचें असेल, त्यांनीं मुलांना जवळ बोलावून एक सोपा प्रयोग करावा. साध्या कागदाची दोन-अडीच इंच जाडीची हलकी नळी करून डिंकानें चिकटवावी. टेबलावर एक फळी उतरती ठेवून तिच्यावरून नळी गडगडत सोडावी. कोणीही सांगेल कीं, टेबलाच्या कडेवरून सुटल्यावर ती पुढें जाऊन पडेल. ती मात्र हवेंत वळून उलट टेबलाखालीं शिरते! गडगडतांना तिला मिळालेली फिरकी आणि भोंवतालची हवा, याखेरीज तेथें दुसरें कोणीही काम करीत नसतें.

बेसबॉलमध्यें हें वळण प्रथम आणण्याचा मान सामान्यतः कॅन्डी कमिंग्ज या पिचरला देतात. लहानपणीं शिंपले फेंकतां फेंकतां आपल्याला ही कल्पना सुचली, असें तो सांगे. १८६० नंतरच्या दशकांत त्यानें ती खेळांत आणली, आणि याच कामगिरीसाठीं १९३९ सालीं कूपर्सटाउन येथील कीर्तिमंदिरांत त्याचें नांव नोंदलें गेलें. परंतु त्यानंतरही शंका मिटली नव्हती. १९४१ सालीं 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकानें क्षणोक्षणीं चमकणाऱ्या प्रकाशांत छायाचित्रें घेतलीं, आणि वळण हा बहुधा दृष्टिभ्रम असावा, असा त्यांवरून तर्क केला.

या वादाचा शास्त्रीय निकाल एका वृद्ध शास्त्रज्ञानें लाविला. लायमन ब्रिग्ज हे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचे माजी संचालक. वजनें-मापें व सूक्ष्म मोजणी यांत त्यांचा जन्म गेलेला. १९३९ सालीं युरेनियमविषयक जी पहिली सरकारी समिति नेमली गेली, तिचे अध्यक्ष हेच होते. ऐंशी वर्षांचें वय उलटल्यावर त्यांनीं बेसबॉलचा प्रश्न हातीं घेतला. प्रथम वॉशिंग्टनच्या संघांतील पिचरांच्या चेंडूला एक चपटी लांब फीत बांधून त्यांनीं चेंडू फेंकावयास सांगितले. फितीला किती पीळ पडले तें मोजलें, कीं चेंडूनें वाटेंत किती फेरे घेतले हें कळे. मग आडवा वारा वाहणाऱ्या वातबोगद्यांत वरून फिरते चेंडू सोडून ते खालीं पडेपर्यंत किती सरकतात, हें त्यांनीं मोजलें. १९५९ सालीं त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. सेकंदास १०० फूट वेग आणि मिनिटास १८०० फेरे, अशी गति असलेला चेंडू ६० फुटांच्या वाटेंत साडेसतरा इंचांपर्यंत बाजूला सरकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. साडेसतरा इंच म्हणजे प्लेटची सबंध रुंदी! वळण खरें आहे, यांत आतां संशय उरला नाहीं.

डोळा कोठें फसतो?

मग दुसऱ्या पक्षाचें काय खरें ठरलें? फलंदाज सांगतात कीं, चेंडू सरळ येत असतो आणि अगदीं जवळ आल्यावर एकाएकीं वांकतो. हें 'एकाएकीं' मात्र खरें नाहीं. हवेचा धक्का वाटभर जवळजवळ सारखाच असतो, आणि चेंडूचा मार्ग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच संथ कमान असते. परंतु सतत लागणाऱ्या धक्क्यानें होणारें सरकणें वेळेच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. अर्धा वेळ संपला तेव्हां वळणाचा फक्त चौथा हिस्सा झालेला असतो. उरलेले तीन हिस्से पुढच्या अर्ध्या वेळांत होतात. प्रारंभीं पाव आणि शेवटीं पाऊण, असा हा हिशेब आहे. आरंभींचें अल्प वळण दुरून दिसत नाहीं, शेवटचें मोठें वळण जवळून दिसतें, आणि डोळा समजतो कीं चेंडूनें ऐन वेळीं दगा दिला.

असाच भ्रम वर उठणाऱ्या चेंडूविषयीं आहे. वेगवान् चेंडू फेंकतांना पिचर त्याला उलटी फिरकी देतो, त्यामुळें हवा त्याला वर उचलते. ९५ मैलांचा चेंडू फिरकीवांचून आला, तर गुरुत्वाकर्षणानें तो वाटेंत सुमारें ३० इंच खालीं येईल. फिरकी त्यांतील निम्म्याच्या आसपास इंच परत देते. म्हणजे चेंडू १४-१५ इंच खालीं येतोच. तो वर चढत नाहीं. पण फलंदाजाच्या अनुभवी मनानें त्याहून अधिक पडण्याची अपेक्षा केलेली असते, म्हणून तो बॅटीवरून उडी मारून गेल्यासारखा वाटतो.

या सर्वांहून विचित्र चेंडू म्हणजे ज्याला फिरकी जवळजवळ नसतेच तो. तेथें माग्नुसचा नियम चालत नाहीं. चेंडू हळूहळू फिरतांना शिवण ज्या बाजूला येईल तसा हवेचा माग कधीं इकडे तर कधीं तिकडे ढकलला जातो, आणि चेंडू डुलत येतो. तो कोठें जाईल हें फेंकणाऱ्यालाही नक्की सांगतां येत नाहीं.

निर्णय अंधारांत

आतां फलंदाजाच्या बाजूनें विचार करूं. बॅट फिरवावयास सुमारें दीड दशांश सेकंद लागतो. डोळ्यांनीं पाहिलेलें मेंदूनें समजून घेऊन स्नायूंना आज्ञा देण्यास निदान एक दशांश. चारांतून अडीच वजा केले, कीं चेंडू पाहण्यासाठीं दीड दशांश सेकंद उरला. तेवढ्या वेळांत चेंडूनें वीस-एकवीस फूट वाट चाललेली असते, आणि वर सांगितलेल्या वर्गाच्या नियमानें वळणाचा फक्त सातवा हिस्सा झालेला असतो. चेंडू सोळा इंच वळावयाचा असेल, तर निर्णयाच्या क्षणीं तो जेमतेम सव्वादोन इंच वळलेला असतो! सव्वादोन इंचांवरून सोळा इंच ओळखावयाचे, हें फलंदाजाचें काम आहे. पिचरच्या खांद्याची हालचाल, बोटांची पकड, शिवणीच्या फिरण्याचा रंग, मागील शेंकडों चेंडूंची स्मृति, या सर्वांच्या आधारें तो भविष्य वर्तवितो.

चेंडूवर शेवटपर्यंत नजर ठेवा, असा उपदेश प्रत्येक शिक्षक करतो. १९८४ सालीं टेरी बाहिल या अमेरिकन संशोधकानें आपल्या सहकाऱ्यासह फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल मोजून पाहिली. निष्णात खेळाडूची नजरही प्लेटपासून साडेपांच फुटांपर्यंतच चेंडूबरोबर राहूं शकली. पुढें चेंडूच्या वेगाला मान व डोळे पुरत नाहींत. उपदेश चांगला असला, तरी शरीराला तो पाळतां येत नाहीं. टेड विल्यम्स या थोर फलंदाजानें १९४१ सालीं दर हजारीं ४०६ ही सरासरी गांठली. तेव्हांपासून अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्यें सबंध हंगामांत ४०० ची मर्यादा कोणीही गांठलेली नाहीं. म्हणजे ज्याला त्या पिढीचा श्रेष्ठ फलंदाज म्हणावें, तोही दहापैकीं सहा वेळां फसला.

या फसण्याची किंमत केव्हां केव्हां फार मोठी असते. १६ ऑगस्ट १९२० रोजीं न्यूयॉर्क येथें क्लीव्हलंडचा खेळाडू रे चॅपमन याच्या डोक्यावर कार्ल मेज या पिचरचा चेंडू आदळला, आणि दुसऱ्या दिवशीं चॅपमन मरण पावला. त्या काळीं एकच चेंडू मळून काळा होईपर्यंत वापरीत, आणि फलंदाज डोक्यावर शिरस्त्राण घालीत नसत. चॅपमन चेंडू चुकविण्यासाठीं हललाही नव्हता. त्यानें तो पाहिलाच नसावा, असें अनेकांस वाटलें. जो दीड दशांश सेकंद पाहण्यासाठीं मिळतो, तोही मळक्या चेंडूनें हिरावून घेतला. त्यानंतर मळलेला चेंडू वारंवार बदलून पांढरा चेंडू देण्याकडे अधिक लक्ष दिलें जाऊं लागलें.

टोल्याचा एक सहस्रांश

निर्णय बरोबर झाला असें समजा. बॅट व चेंडू यांची गांठ सेकंदाच्या सुमारें एक हजारांश भागापुरतीच पडते. तेवढ्यांत चेंडूची दिशा उलटी होते, तो चेपला जाऊन पुन्हां फुगतो, आणि या क्षणीं त्याच्यावर सरासरी एक टनाहून अधिक जोर पडतो. बॅट फिरविण्यांत सेकंदाचा शंभरावा भाग चुकला, तर तेवढ्यांत चेंडू सव्वा फूट पुढें गेलेला असतो आणि टोला मैदानाच्या रेषेबाहेर जातो. उंचीची चूक त्याहून नाजूक. बॅटीचा मध्य चेंडूच्या मध्याखालीं अर्धा-पाऊण इंच लागला तर चेंडू उंच व दूर जातो, त्याहून थोडा अधिक खालीं लागला तर नुसता आकाशांत चढतो.

प्रत्येक बॅटीवर एक गोड जागा असते, हें क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनाही ठाऊक आहे. कोणत्याही बॅटीची मूठ दोन बोटांत सैल धरून ती लोंबती ठेवावी व निरनिराळ्या ठिकाणीं हलक्या हातोडीनें ठोकून पाहावें. बहुतेक ठिकाणीं बोटांना झिणझिण्या येतील. एका ठिकाणीं येणार नाहींत. तेथें ठोकल्यानें लांकडांत कंप उठत नाहीं, म्हणून आघाताची शक्ति कंपांत वायां न जातां चेंडूला मिळते. बेसबॉलच्या बॅटीवर ही जागा टोंकापासून साधारण सहा इंचांवर असते.

येल विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक रॉबर्ट अडेर यांनीं या सर्व गोष्टींचें विवेचन करणारा एक ग्रंथ १९९० सालीं प्रसिद्ध केला. हवेचें महत्त्व किती, हें पाहावयाचें असेल तर डेन्व्हर शहर पाहावें. समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवरील तेथील हवा सुमारें पांचव्या हिश्शानें विरळ आहे. तेथें टोलविलेला चेंडू अधिक दूर जातो आणि फेंकलेला चेंडू कमी वळतो. विरोध करणारी व वळविणारी हवा एकच असल्यामुळें पिचरचें नुकसान दोन्हीकडून होतें. २००२ पासून तेथें चेंडू दमट कपाटांत ठेवतात, म्हणजे ते कोरडे व टणक होऊन जास्त उसळत नाहींत.

वेगाचें मोल

येथवर हवेचा व लांकडाचा विचार झाला. आतां हाताचा करूं. पिचरचा वेग हातांत जन्मत नाहीं. तो पायांतून निघतो, कंबर व धड यांतून खांद्याकडे येतो, आणि आसुडाच्या टोंकाप्रमाणें शेवटीं मनगटांत प्रकटतो. या शेवटच्या क्षणीं दंड आपल्या आंसाभोंवतीं ज्या वेगानें फिरतो, तो सेकंदास सुमारें ७००० अंश, म्हणजे सेकंदांत वीस फेऱ्यांच्या आसपास भरतो. मनुष्यशरीराच्या अतिशय वेगवान् हालचालींत याची गणना होते. हा सर्व ताण कोपराच्या आंतील बाजूच्या एका लहानशा अस्थिबंधावर पडतो, आणि तो बंध एकट्यानें जेवढा ताण सोसूं शकेल, त्याच्या सीमेपर्यंत ही मागणी जाते. आजूबाजूचे स्नायू मदत करतात म्हणूनच तो टिकतो. स्नायू थकले कीं सारा भार त्याच्यावर येतो.

१९७४ सालीं टॉमी जॉन या पिचरचा हा बंध तुटला. त्या काळीं त्याचा अर्थ खेळ संपला असा होता. डॉ. फ्रँक जोब यांनीं त्याच्या उजव्या हातांतील एक कंडरा काढून डाव्या कोपरांत बसविली. १९७५ चें सबंध वर्ष तो खेळला नाहीं. १९७६ त परतला, १९८९ पर्यंत खेळला, आणि शस्त्रक्रियेनंतर त्यानें आणखी १६४ सामने जिंकले. या यशाचा एक अनिष्ट परिणाम झाला. कोपर मोडलें तर नवें बसवितां येतें, असा समज पसरला. दरम्यान वेगाची स्पर्धा वाढत गेली. २०१० सालीं अरोल्डिस चॅपमन या पिचरचा चेंडू ताशीं १०५ मैलांपर्यंत पोहोंचल्याची नोंद झाली, आणि शाळकरी मुलेंही त्या आंकड्याकडे पाहूं लागलीं.

मुलांच्या हाडांचीं टोंकें अजून वाढत असतात आणि त्यांचे बंध कोंवळे असतात. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत असें दिसलें कीं, वर्षांतून आठ महिन्यांहून अधिक काळ चेंडूफेंक करणाऱ्या तरुण खेळाडूंवर शस्त्रक्रियेची पाळी इतरांच्या पांचपट येत होती. पुढच्याच वर्षीं, २००७ सालीं, लिटल लीग या मुलांच्या संघटनेनें दिवसाला किती चेंडू फेंकावे यावर मर्यादा घातली : नऊ-दहा वर्षांच्या मुलास ७५, अकरा-बारा वर्षांच्या मुलास ८५. हे आंकडे घालून दिलेले असूनही पुष्कळ ठिकाणीं एकच मुलगा दोन-दोन संघांतून खेळतो आणि मर्यादा कागदावरच राहते. कारण संघाचा शिक्षक आपल्याच सामन्यांतील चेंडू मोजतो, दुसऱ्याचे नव्हे. सगळे मोजणारा घरांतच कोणीतरी असावा लागतो.

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आप्तांचीं मुलें हा खेळ खेळत असतील, तर त्यांच्या आईबापांना हें अवश्य कळवावें. आपल्याकडेही जलद गोलंदाजी करणाऱ्या कोंवळ्या मुलांच्या पाठीच्या मणक्यांना अति श्रमानें सूक्ष्म चिरा पडतात, हें वैद्यांना ठाऊक आहे. चेंडू निराळा असला तरी हिशेब तोच. मुलगा कोपर किंवा पाठ दुखते असें सांगूं लागला, तर त्याला भित्रा म्हणूं नये आणि सामना संपेपर्यंत थांब असेंही म्हणूं नये. आज किती चेंडू फेंकलेस, काल किती, आणि या महिन्यांत विश्रांतीचे दिवस किती, हे तीन प्रश्न विचारून तीं उत्तरें एका वहींत लिहून ठेवावीं, आणि दुखणें दोन-तीन दिवसांत थांबलें नाहीं तर वहीसह त्याला डॉक्टरांकडे न्यावें.